कार्ड हरवलेल्या कॅमचे आकडे कसे काढायचे

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला कुणीतरी कधीतरी ‘रेस कॅम’ (व्हॉल्व्ह उघडणारा, वरच्या वेगासाठी वेगळा घासलेला कॅम) बसवलेला असतो आणि त्याचे आकडे लिहिलेलं कार्ड हरवलेलं असतं. गाडी दोन-तीन हात फिरून आपल्याकडे येते आणि आधीच्या मालकाला एवढंच आठवत असतं: “भिया, तीनशे डिग्रीचा आहे.” इंदुरात हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. किती लिफ्टला तीनशे? (लिफ्ट म्हणजे कॅमने दिलेली उचल. डिग्री म्हणजे तेवढी उचल टिकते तोवर क्रँक किती फिरतो, त्यालाच ड्युरेशन म्हणतात.) एकच लोब (कॅमचा अंडाकृती उंचवटा) ०.००६ इंच लिफ्टवर मोजला तर तीनशे भरेल आणि ०.०५० इंचावर दोनशे चाळीस. दोन्ही आकडे खरे. लिफ्ट न सांगता नुसती डिग्री सांगणाऱ्याच्या भरवशावर कार्बोरेटरचा जेटसुद्धा बदलू नये, पिस्टन तर लांबच राहिला.

मी सांवेर रोडवर एका टूलरूममध्ये काम करतो, बुलेट हा घरचा शौक. खाली लिहिलंय ते ३४६ सीसीच्या जुन्या पुशरॉड इंजिनाबद्दल. नंतरच्या हायड्रॉलिक टॅपेटवाल्या बुलेटला हे जसंच्या तसं लागू नाही, कारण तो टॅपेट (लोबवर टेकून पुशरॉड उचलणारा भाग) मोजताना दबतो आणि वाचन चुकतं.

कॅमवर कोरलेल्या नंबरने हुरळून जाऊ नका. तो बऱ्याचदा मूळ ब्लँकचा (घासण्याआधीच्या कच्च्या कॅमचा) असतो. त्यावर नंतर कुणी काय घासलं ते त्या नंबराला माहीत नसतं.

पुष्कळ जण कॅम हातात घेऊन व्हर्नियर लावतात: नाकापासून (लोबचं टोक) पाठीपर्यंतची (लोबची गोल बाजू) उंची, त्यातून आडवा व्यास वजा, आली लिफ्ट. स्टॉक कॅमला हे साधारण जमतं. मोठ्या ड्युरेशनच्या कॅमला मात्र फसतं. त्याचा उतार इतका पसरलेला असतो की आडवं माप घेताना जबडे गोल पाठीवर न बसता उताराच्या सुरुवातीवर बसतात. व्यास जास्त येतो, लिफ्ट कमी दिसते. म्हणून माप इंजिनातच घ्यायचं. बुलेटमध्ये तर त्याला आणखी एक कारण आहे: इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळ्या स्पिंडलवर, आपापल्या गिअरसकट फिरतात. दोघांमधला कोन लोब आपल्या गिअरवर कसा बसलाय आणि दात कुठे जुळवलेत यावर ठरतो. सुटा कॅम हातात धरून तो कळायचा नाही.

हेड काढा, बॅरल राहू द्या. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर उघडून क्रँकच्या टोकावर डिग्रीची चकती बसवा. चकती मोठी घ्या. २३ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीवर एक डिग्री म्हणजे दोन मिलिमीटर, डोळ्याला सोपं जातं. सीडीवर कागद चिकटवून केलेल्या चकतीवर तीच डिग्री जेमतेम एक मिलिमीटर उरते. काटा म्हणून जाड तार पुरते, पण ती हलता कामा नये.

आता टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर असतो ती जागा. इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे वाकडे. पिस्टन वर पोचल्यावर काही डिग्रीपर्यंत हलल्यासारखा वाटतच नाही, त्यामुळे डायल गेजचा काटा थांबला तेच टीडीसी असं धरू नका. बॅरलच्या स्टडवर एक जाड पट्टी आवळा आणि तिच्या मधोमध बोल्ट खाली सोडा, म्हणजे पिस्टन टीडीसीच्या थोडा आधीच अडेल. हळूच पुढे फिरवून अडवा, चकती वाचा. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूने अडवा, पुन्हा वाचा. एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ४४ आलं तर दोन्हीकडे ४१ यायला हवं. तेवढा काटा सरकवा, पुन्हा दोन्हीकडून अडवून बघा आणि मगच पट्टी काढा.

इंजिन फिरवायला क्रँकच्या नटावर पाना लावू नका. डावीकडून बघताना बुलेटचं इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे पाना नट सैल करणाऱ्या दिशेनेच जातो. टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. आणि कॅमची वाचनं घेताना नेहमी पुढेच. एखादा आकडा ओलांडला गेला तर तीस-चाळीस डिग्री मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर गिअरच्या दातांमधली ढील तुमच्या वाचनात मिसळते.

पुशरॉड जागेवर ठेवा, त्याच्या टोकावर डायल गेज टेकवा. गेजची दांडी पुशरॉडच्या रेषेतच हवी. दहा डिग्री तिरकी असली तरी दीड टक्का चूक होते. टॅपेट लोबला टेकलेला राहावा म्हणून हलकी स्प्रिंग लावा. लोब पाठीवर असताना गेज शून्य करा आणि पाठीच्या सगळ्या भागात काटा स्थिर राहतो का ते बघा. दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त डोलत असेल तर स्पिंडल झिजलाय किंवा ग्राइंडिंग वाकडं आहे. तिथेच थांबा, आधी ते निस्तरा.

इनटेकपासून सुरू करा. गेज १.२७ मिलिमीटर चढला की चकती वाचा (०.०५० इंच म्हणजे हेच), मग सर्वात जास्त लिफ्ट, मग उतरताना पुन्हा १.२७. हेच एक्झॉस्टला. समजा इनटेक टीडीसीच्या १२ डिग्री आधी उघडला आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली असतो ती जागा) ४८ ला मिटला. १२ + १८० + ४८, म्हणजे ड्युरेशन २४०. त्याच्या निम्म्यातून १२ वजा केले की मध्य आला: टीडीसीनंतर १०८. एक्झॉस्ट बीडीसीच्या ५४ आधी उघडला, टीडीसीनंतर १० ला मिटला, तर ड्युरेशन २४४ आणि मध्य टीडीसीच्या ११२ आधी. १०८ आणि ११२ यांची सरासरी ११०, हे लोब सेपरेशन, म्हणजे दोन्ही लोबांच्या मध्यांमधलं अंतर. इनटेकचा मध्य त्यापेक्षा दोन डिग्री आधी, म्हणून कॅम दोन डिग्री ॲडव्हान्स. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तो भाग) १२ अधिक १०, २२. कागदावर प्रत्येक आकड्यापुढे ‘१.२७ ला’ असं लिहा. काही कारखाने १ मिलिमीटरवर मोजतात, तुलना करताना गल्लत होते.

सर्वोच्च लिफ्ट नेमक्या मध्यावर आली नाही तर गडबडू नका. उघडण्याचा आणि मिटण्याचा उतार वेगवेगळा ठेवलेले लोब असतात. त्यांची दोन्ही वाचनं लिहून ठेवा. व्हॉल्व्हची लिफ्ट हवी असेल तर हेड चढवून व्हॉल्व्हवरही मोजा. रॉकरचं (पुशरॉडची उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीचं) गुणोत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा दोन मापांचा भागाकार खरा.

आता हे आकडे काय सांगतात? ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं हे इंजिन खालच्या आरपीएमवर ओढण्यासाठीच बनलंय. १.२७ ला २४० चा कॅम त्यात म्हणजे, माझ्या मते, शहरात रडणारी गाडी. इनटेक उशिरा मिटतो, कमी वेगात भरलेला चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) परत बाहेर ढकलला जातो, आणि खंडवा रोडच्या भेरूघाटात ट्रकमागे अडकलात की दर वळणाला गिअर खाली. पण कुणाला वरच्या वेगाचीच हौस असेल तर मी कोण अडवणार?

जमलं तर शेजारी एखादा स्टॉक कॅम ठेवून त्याच्या पाठीचा व्यास गेजने ताडून बघा. तुमच्या कॅमची पाठ बारीक असेल तर तो जुन्या कॅमवरच घासलेला आहे: लिफ्ट वाढवायला नाक उंच करता येत नाही, म्हणून पाठ उतरवलेली असते. मग टॅपेट तेवढा खाली बसतो आणि पुशरॉडचा ॲडजस्टर जास्त बाहेर काढावा लागतो. त्याचे आटे किती उरले ते बघा. चारच आटे धरून असतील तर लांब पुशरॉड करून घ्या.

राहिला टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला असताना ठेवायची फट. स्टॉक बुलेटला थंड इंजिनावर पुशरॉड बोटाने मोकळा फिरावा आणि वरखाली अजिबात हलू नये, एवढंच असतं. परक्या कॅमला हाच नियम लावू नका. लोबच्या अगदी सुरुवातीला दर दोन डिग्रीला गेज वाचा. काटा जिथपर्यंत अगदी सावकाश चढतो ती रॅम्पची उंची. समजा ती ०.१५ मिलिमीटर निघाली, तर क्लिअरन्स त्याच्या आत ठेवा. रॉकर मध्ये असल्यामुळे व्हॉल्व्हकडे हिशेब गुणोत्तराने बदलेल, तोही त्याच कागदावर लिहून टाका.