पावसात उभ्या गाडीची बॅटरी उतरते? नवीन घ्यायच्या आधी एक रात्र केबल काढून बघा

आंबा संपला, वाशीच्या फेऱ्या थांबल्या की आपल्याकडे कोकणात पिकअप मांगराच्या पडवीत लागते ती बऱ्याचदा गणपतीपर्यंत तिथेच. ट्रॅक्टर नि सेल्फवाला टिलर चिखळणीपुरते बाहेर निघतात, लावणी उरकली की परत आत. आणि मग ऐन झडीत कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं असतं किंवा युरियाच्या गोणी आणायच्या असतात, चावी फिरवावी तर नुसतं टिकटिक. धक्का मारायला माणसं बघा, तर सगळी लावणीला गेलेली. मग वैतागून माणूस दुकानात जातो, नवीन बॅटरी घालतो, पाच-सात हजार मोकळे होतात आणि थोड्या दिवसांनी नवीन पण उतरते. कारण बॅटरीत दोष नव्हताच, गाडीत कुठेतरी करंट खातंय.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच, आधी ठरवा की बॅटरी खराब आहे की गाडी बॅटरी खातेय. त्याला मेकॅनिक लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, चार-पाच तास तशीच राहू द्या, कारण चार्जरवरून काढल्या काढल्या व्होल्टेज खोटं जास्त दाखवतं. मग संध्याकाळी मायनसची केबल काढून ठेवा नि व्होल्टेज लिहून ठेवा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. सकाळी परत मोजा. केबल काढलेली असूनही १२.६ ची १२.२ झाली तर बॅटरीच गेली, आतल्या सहा कप्प्यांपैकी (सेल) एखादा शॉर्ट असेल. आणि आकडा तसाच राहिला पण केबल जोडून ठेवली की एकदोन रात्रीत उतरते, तर पैसे बॅटरीवर घालवू नका, चोर गाडीत आहे. बॅटरीला पाणी घालायची झाकणं असतील तर दुकानदाराकडून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, पण बघून घ्या, सहाही सेल १२६० ते १२८० च्या दरम्यान पाहिजेत, पाच बरे आणि एकच खूप खाली म्हणजे तो सेल मेला.

आता आपल्या किनारपट्टीची एक खास भानगड, जी घाटावरच्या मेकॅनिकच्या पटकन लक्षात येत नाही. खारी हवा, दमट पडवी, वर लाल माती नि ॲसिडचे शिंतोडे, असा सगळा मिळून बॅटरीच्या झाकणावर एक ओलसर थर बसतो आणि दोन्ही टर्मिनलच्या मधे त्यातूनच करंट झिरपत राहतो. बघायचं असेल तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन मायनस टर्मिनलवर धरा आणि लाल पिन टर्मिनलला न लावता नुसती झाकणाच्या प्लास्टिकवर फिरवा. कोरड्या स्वच्छ झाकणावर काही दिसत नाही, ओल्या थरावर पिन प्लसच्या जवळ नेऊ तसतसा आकडा चढत जातो, ते बघितलं की पटतं. गळती बारीक असते, एका रात्रीत बॅटरी मारणार नाही, पण महिनाभर उभ्या गाडीला बरोबर नडते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवा, झाकणं घट्ट लावलेली आहेत ना ते बघा कारण सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये, जुन्या ब्रशने घासा, साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा फुलोरा पण ह्यानेच निघतो. केबल घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावा. सेलमध्ये घालायचं पाणी फक्त डिस्टिल वॉटर, पागोळीचं नाही नि विहिरीचं तर नाहीच, आणि ॲसिड वरून ओतू नका.

झाकण स्वच्छ, बॅटरी चांगली, तरी उतरते, तर मग गाडीत शोधायचं. सगळे दिवे, टेप, चावी बंद करा. मायनसची केबल काढा आणि केबल नि टर्मिनल ह्यांच्या मधे एक १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटला तर मोठी गळती आहे, तिथे मीटर लावू नका, त्याचा फ्यूज जाईल. पेटला नाही किंवा जेमतेम लाल झाला तर मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून त्याच जागी मीटर लावा. मीटर लागलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, आणि अँपिअरवर असलेला मीटर बॅटरीच्या प्लस-मायनसला सरळ लावायचा नाही, शॉर्ट होतं.

नवीन बीएस सिक्स पिकअप असेल तर चावी बंद केल्या केल्या केबल काढू नका, काही मिनिटं थांबा, आणि मीटर लावल्यावर अर्धा तास दारं न उघडता गाडीला झोपू द्या, तिचे कॉम्प्युटर हळूहळू बंद होतात. त्यानंतर ०.०२ ते ०.०५ अँपिअर दिसलं तर ते नॉर्मल. जुन्या साध्या ट्रॅक्टरला तर जवळपास शून्यच पाहिजे. जास्त दिसलं की एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो त्या लायनीत दोष. रिले, म्हणजे फ्यूजजवळचे करंट चालू-बंद करणारे चौकोनी डबीसारखे स्विच, हाताने चाचपून बघा, बंद गाडीत एखादा कोमट लागला तर तो चिकटलेला आहे.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही तेव्हा डायनामोवर संशय घ्या. त्याच्या आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेला की बॅटरी उलटी डायनामोत उतरते, आणि ती जाड वायर बऱ्याच गाड्यांत फ्यूजबॉक्समधून जातच नाही. मीटर बाजूला काढा, मायनस सुटी ठेवूनच डायनामोची जाड वायर खोला, तिचं टोक कापडात गुंडाळून बॉडीपासून लांब बांधा, मग परत मीटर लावून बघा. आकडा पडला तर डायनामो उतरवून रिपेरीला द्या. दुसरा संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर, म्हणजे टेप, ट्रॅकर, जादाचे एलईडी, रिव्हर्स हॉर्न. ह्यांची वायर कितीतरी वेळा थेट बॅटरीवरून घेतलेली असते, चावीशी संबंधच नाही. आणि पावसात उंदीर बॉनेटमध्ये घर करतात हे सांगायला नको, वायर कुरतडलेली आहे का नीट बघा.

एक अनुभव सांगतो. शेजारच्या वाडीतल्या एका दादांची पिकअप रोज सकाळी मेलेली. दिवसा बघून काही कळेना. रात्री पडवीतला दिवा घालवून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलो तर चिऱ्याच्या भिंतीवर लाल उजेड. ब्रेकच्या पेडलमागचा स्विच चिखलाने अडकलेला, ब्रेक लाईट रात्रभर चालू. दोन बल्ब २१-२१ वॅटचे, म्हणजे साडेतीन अँपिअर, ८० अँपिअरची भरलेली बॅटरीसुद्धा एका दिवसात साफ होते. पेडल वर उचलून स्विच धुतला, काम झालं. म्हणून मीटर काढायच्या आधी काळोखात गाडीभोवती एक फेरी माराच, टपाचा दिवा नि ड्रॉवरमधला दिवा सुद्धा बघा.

आणि गाडीत काहीच दोष नसला तरी हा हिशोब करून बघा. ०.०५ अँपिअर म्हणजे दिवसाला १.२, दोन महिन्यांत ७२. म्हणजे मृगाला उभी केलेली चांगली पिकअप गणपतीपर्यंत आपोआप बसणारच, त्यात कुणाची चूक नाही. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करून बंद करणं म्हणजे उलट नुकसान, सेल्फने खाल्लेलं पण नीट भरून येत नाही. चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. नाहीतर बॅटरी पूर्ण भरून मायनस काढून ठेवा, किंवा कट-ऑफ स्विच बसवून घ्या, आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही.

काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. चार्जर लावाल तिथे हवा खेळती पाहिजे, बंद खोलीत नको, आणि जवळ बिडी-काडी अजिबात नको, चार्ज होताना निघणारा गॅस पेट घेतो. ॲसिड डोळ्यात उडालं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा नि थेट दवाखाना गाठा. लाईट जाऊन येऊन असली तर चार्जर चालू आहे का मधे मधे बघत जा, काही चार्जर लाईट परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत.