बॅक्टेरिया झिंक बाहेर कसं काढतो: एका आयनचा पाठलाग करून समजून घ्या

सोलापुरात मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या पोरापोरींना झिंक म्हटलं की आधी झिंक सल्फेटची पिशवी आठवते, कारण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पिकाला झिंक नीट मिळत नाही आणि सांगोला-पंढरपूरकडं डाळिंबाला ते वरनं फवारतात. मग प्रश्न येतोच, जे द्यायला आपण एवढी धडपड करतो ते बॅक्टेरिया बाहेर का काढतो? कारण झिंक फार घट्ट चिकटतं. थोडं असलं तर एन्झाइमला हवंच असतं, पण जास्त झालं की लोह किंवा मँगनीजच्या जागेवर जाऊन बसतं आणि ते एन्झाइम बंद पडतं. ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या एका पेशीत साधारण २ लाख झिंक अणू असतात आणि तरी मोकळं झिंक जवळपास शून्य, सगळं कुठं ना कुठं बांधलेलं. एवढा काटेकोर हिशोब ठेवायचा तर जास्तीचं बाहेर काढणारे पंप हवेतच.

आता हे शिकायचं कसं. माझं स्पष्ट मत आहे की प्रोटीनची नावं आधी पाठ करू नका. एक झिंक आयन पकडा आणि विचारत जा, हा आत्ता कुठल्या बाजूला आहे, याला कोण ढकलतंय, आणि सुटल्यावर पडतो कुठं. एवढं कळलं की नावं आपोआप लक्षात राहतात.

आधी वहीत दोन रेघा मारा, ई. कोलाय ग्राम निगेटिव्ह, म्हणजे दोन मेम्ब्रेनवाला (मेम्ब्रेन म्हणजे पेशीचं पातळ आवरण) आहे म्हणून आतली मेम्ब्रेन आणि बाहेरची मेम्ब्रेन, आणि मधल्या जागेत पेरिप्लाझम लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळा गोंधळ होतो. आतल्या मेम्ब्रेनचा पंप झिंक 'बाहेर' टाकतो म्हणजे फक्त पेरिप्लाझममध्ये टाकतो, घरातला कचरा ओट्यावर आणून ठेवल्यासारखं, रस्त्यावर अजून गेलेला नसतो.

मग कॉम्प्युटरवर प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या थ्रीडी रचनांचा संग्रह, उघडा, फुकट आहे, मोबाईलवरही चालतं पण स्क्रीन मोठा असला तर बरं. सर्चमध्ये ३एच९० हा कोड इंग्रजी अक्षरं-आकड्यांत टाका. हे ई. कोलायचं यिप नावाचं प्रोटीन, मिन लू आणि डॅक्स फू यांनी याचं पहिलं स्ट्रक्चर २००७ मध्ये दिलं आणि हे त्याच्यापेक्षा स्पष्ट असलेलं २००९ चं. थ्रीडी व्ह्यू उघडा, असेम्ब्ली निवडा, म्हणजे दोन सारखी प्रोटीनं एकमेकांना जोडलेली दिसतील. प्रत्येकात मेम्ब्रेन पार करणाऱ्या ६ हेलिक्स (पिळदार दांडे) आणि खाली सायटोप्लाझमकडं, म्हणजे पेशीच्या आतल्या बाजूला, लोंबणारा भाग. आता झिंकचे गोळे शोधा, प्रत्येक प्रोटीनमध्ये ४ आहेत, दोन खालच्या भागात जवळजवळ, एक बाजूच्या लूपवर आणि एक थेट मेम्ब्रेनच्या मधोमध.

त्या मधल्यावर क्लिक करा आणि तिथंच थांबा, घाई करू नका, सगळा खेळ इथं आहे. भोवती चार अमिनो अ‍ॅसिड दिसतील: अ‍ॅस्पार्टेट ४५, अ‍ॅस्पार्टेट ४९, हिस्टिडिन १५३, अ‍ॅस्पार्टेट १५७. चारही बाजूंनी धरलेलं झिंक, ही त्याची आवडती बैठक. हे अ‍ॅस्पार्टेट आणि हिस्टिडिन प्रोटॉनही (हायड्रोजनचे आयन) धरू शकतात, म्हणून पेरिप्लाझमच्या बाजूला पंपाचं तोंड उघडलं की तिथले प्रोटॉन येऊन जागा घेतात आणि झिंक सुटतं, मग तोंड आत वळतं, प्रोटॉन आत सुटतो आणि पुढचं झिंक बसतं. म्हणजे इथं एटीपी, पेशीचं ऊर्जेचं इंधन, लागत नाही, प्रोटॉन आत यायच्या ओढीवर काम चालतं. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं: या पंपाला झिंक आणि कॅडमियम दोन्ही चालतात, पण ४५ नंबरच्या अ‍ॅस्पार्टेटच्या जागी हिस्टिडिन घातलं की झिंक जातं आणि कॅडमियम अडतं. आपल्या शरीरातल्या झिंक ट्रान्सपोर्टरमध्ये तिथं हिस्टिडिनच असतं.

दुसरं उघडा ४यूएमडब्ल्यू, हा झेडएनटीए पंप, शिगेला सोनेई नावाच्या बॅक्टेरियाचा, २०१४ चा. यात झिंक सापडणार नाही, घाबरू नका, झिंक सुटून गेल्यानंतरची अवस्था आहे ती. सिस्टीन ३९२, सिस्टीन ३९४ आणि अ‍ॅस्पार्टेट ७१४ शोधा, झिंक इथं बसतं. ढकलणारा मात्र एटीपी, त्याचा फॉस्फेट अ‍ॅस्पार्टेट ४३६ वर चिकटतो, त्यानं प्रोटीनचा आकार बदलतो आणि झिंक पेरिप्लाझमच्या बाजूला सुटतं. ई. कोलायमध्ये झिंक फार वाढलं तर मुख्य भार हाच उचलतो आणि त्याचं जीन चालू करायचं काम झेडएनटीआर नावाचं सेन्सर प्रोटीन करतं.

ओट्यावरचं रस्त्यावर नेणारा तिसरा प्रकार सीझेडसी, क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्समध्ये, जो बॅक्टेरिया बेल्जियममधल्या झिंक कारखान्याच्या गाळात सापडला. तीन प्रोटीनं मिळून दोन्ही मेम्ब्रेनमध्ये एक सलग वाट करतात. आणि एक सावधगिरी, झेडएनटीबी हे नाव जुन्या नोट्समध्ये झिंक बाहेर काढणारं म्हणून असतं, पण २०१७ च्या कामात ते झिंक आत आणतं असं दिसलं, तेवढं खोडून दुरुस्त करा.

हे प्लेटवर बघायचं असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये गाईडसमोर करा. साधा के-१२ ई. कोलाय आणि त्याच स्ट्रेनमधनं झेडएनटीएचं जीन काढलेला, दोन्ही शेजारी शेजारी. कृषी सेवा केंद्रातलं २१ टक्केवालं झिंक सल्फेट वापरू नका, त्यात काय काय असतं सांगता येत नाही, लॅब ग्रेडचं हेप्टाहायड्रेट घ्या, २.८७५ ग्रॅम १०० मिली पाण्यात म्हणजे ०.१ मोलार स्टॉक. फिल्टर करून ठेवा आणि मीडियम ऑटोक्लेव्ह होऊन कोमट झाल्यावरच मिसळा, १०० मिलीला १ मिली म्हणजे १ मिलिमोलार. ०, ०.२५, ०.५, १ आणि २ अशा प्लेटा करा. मीडियममध्ये फॉस्फेट जास्त असेल तर झिंक फॉस्फेट होऊन खाली बसतं आणि बॅक्टेरियापर्यंत झिंक पोचतच नाही, मग पोरं म्हणतात काही फरक पडला नाही, म्हणून ट्रिस बफरचं कमी फॉस्फेटवालं मीडियम घ्या.

झेडएनटीए नसलेला स्ट्रेन कमी झिंकमध्येच अडखळायला पाहिजे. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका, एक प्लेट मॅग्नेशियम सल्फेटची ठेवा म्हणजे सल्फेटचा दोष नाही हे कळेल, आणि प्लाझमिडवर (डीएनएच्या छोट्या कड्यावर) तेच जीन परत घातलेला स्ट्रेनही शेजारी लावा. तो झिंकवर पुन्हा वाढला तरच वहीत झेडएनटीएचं नाव लिहा.