‘बाय अँड लार्ज’ म्हणजे ‘मोठ्या प्रमाणावर’ नव्हे

‘लार्ज’ दिसला की आपण ‘मोठा’ असा अर्थ धरतो आणि तिथेच फसतो. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे एकंदरीत, बहुतांशी. थोडेफार अपवाद असतील, पण एकूण चित्र असंच आहे, हे त्यातून सांगायचं असतं.

हा प्रयोग शिडाच्या जहाजांवरचा. वाऱ्याच्या जवळजवळ तोंडावर जहाज हाकणं म्हणजे ‘बाय’, आणि वारा मागून किंवा मागच्या बाजूने घेत जाणं म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही प्रकारे नीट चालतं ते जहाज एकूणात चांगलं! इंग्रजीत हा शब्दप्रयोग 1669 पासून छापील सापडतो.

वापरताना तो वाक्याच्या सुरुवातीला घ्या आणि पुढे स्वल्पविराम द्या: ‘बाय अँड लार्ज, द ट्रिप वॉज गुड.’ म्हणजे सहल एकंदरीत छान झाली. एखाद्या दिवशी बस चुकली असेल, ते सोडा. मध्ये घातला तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. जिथे एकही अपवाद नाही, तिथे मात्र हा नको. ‘सगळे पैसे मिळाले’ याला ‘बाय अँड लार्ज’ जोडलं की ऐकणारा लगेच विचारणार, किती राहिले?

‘ॲट लार्ज’ वेगळं. चोर ‘ॲट लार्ज’ असतो, म्हणजे अजून मोकाट असतो. ‘बाय अँड बाय’ तर आणखी तिसरंच: थोड्या वेळाने, यथावकाश.