आयसीयूत नव्यानं आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी: बाहेर बसलेल्या माणसांशी कसं बोलायचं

नर्सिंगचं जीएनएम असो की बीएस्सी, शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटची माउथ केअर, बॅक केअर तुम्हाला येतेच. अडतं ते दाराबाहेर. तिथं गगनबावडा, चंदगड, निपाणीकडची माणसं चटई टाकून बसलेली असतात आणि तुम्ही दिसलात की सगळी एकदम उठतात. "सिस्टर, कसं हाय आता?"

इथंच सापळा आहे, आणि मीही त्यात सापडलेय. आपण खरं तेच सांगतो, "बीपी ११० आहे." पण तो ११० नॉरअ‍ॅडच्या, म्हणजे बीपी वर धरणाऱ्या औषधाच्या, पंपावर उभा असतो. पंप वाढवला म्हणून आकडा वर आला, म्हणजे पेशंट खालावलाय, हे आपल्याला कळतं. बाहेर मात्र "सुधारलंय" एवढंच ऐकू जातं. लगेच पुण्याच्या पोराला फोन, "गडबड करू नको, उद्या ये." सॅचुरेशनचं, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्याचंही तेच. मॉनिटरवर ९६ आणि व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन शंभर टक्के. म्हणून नुसता आकडा कधीच सांगू नका. सांगायचाच तर त्याच दमात पुढचंही सांगा, "हे औषधाच्या जोरावर आहे, आणि कालपेक्षा औषध वाढवावं लागलंय. ज्यांना भेटायचंय त्यांना आजच बोलवा."

किती तास, किती दिवस, हे डॉक्टरांनी सांगायचं. पण "डॉक्टरांना विचारा" म्हणून दार लोटून घ्यायचं, या शॉर्टकटची मला भयंकर चीड आहे. राउंडला डॉक्टरांना गाठा, नातेवाइकांना खुर्ची द्या, बोलणं होईतो तिथंच थांबा. डॉक्टर गेले की खरे प्रश्न तुम्हालाच विचारतात. आणि तावातावानं बोलणाऱ्या पाहुण्यापेक्षा रात्रभर जागलेल्या सुनेला आधी समजावा. घरात तीच सगळ्यांना सांगणार असते.

पुढं काय दिसणार तेही आधीच सांगून ठेवा. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट चट्टे येतात, घशात घरघर वाजते. घरघर ऐकून "नळी घालून काढा की" म्हणतील. खोल सक्शननं बहुतेकदा फायदा नसतो, त्रासच होतो. कुशीवर वळवा. लागलंच तर डॉक्टर घशातला स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट लिहितात. "उपाशी मारताय" असंही कोणीतरी म्हणेल. तेव्हा शरीरच आता अन्न मागत नाही, हे शांतपणे दोनदा सांगा. गिळता येत नसेल तर पाणी पाजू देऊ नका, पण ओठ भिजवायला ओला बोळा बायकोच्या हातात द्या. तीर्थ, तुळशीपत्र आणलं म्हणून डाफरू नका. हे मला वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं, कुठल्या वर्कशॉपनं नाही.

"मशीन काढा" म्हणाले तर दचकू नका, आणि त्यांना पापी ठरवू नका. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली त्याला कायदेशीर वाट दिली आणि २०२३ साली ती सोपी केली. दोन मेडिकल बोर्ड आणि घरच्यांची संमती लागते. तुमचं काम एवढंच, की ही मागणी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जावी.

कधी तुम्हालाही रडू येईल. येऊ दे, त्यानं कोणाची नोकरी जात नाही. फक्त पुढच्या पेशंटचं इंजेक्शन चुकवू नका.

विष घेतलेला, भाजलेला किंवा अपघातातला पेशंट असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंदवायची केस. मृत्यूनंतर नळ्या काढायच्या नाहीत. पंचनामा, पोस्टमॉर्टेम होणार, वेळ लागणार, हे गावाकडं तयारीचा निरोप जाण्याआधी सांगा. कोल्हापूर शहरातच अंत्यसंस्कार करायचे तर पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेकडून ते मोफत होतात. परगावच्यांना हे ठाऊक नसतं.

आणि दागिने. मंगळसूत्र, जोडवी, अंगठी दोघा नातेवाइकांसमोर मोजून द्या, रजिस्टरवर दोघांच्या सह्या घ्या. "सोन्याचं" असं लिहू नका, "पिवळ्या धातूचं" लिहा.