कोकणात ब्रोकोली लावताय? बी नवरात्राच्या आसपास पेरा

आमच्या रत्नागिरीकडे ब्रोकोली होत नाही असं ज्याला त्याला वाटतं, मलापण वाटायचं, कारण पहिल्या वर्षी मी बी पेरलं डिसेंबरात, झाडं एकदम टकाटक आणि मार्चच्या उकाड्यात सुपारीएवढा गड्डा धरून लगेच पिवळी फुलं. सासूबाई म्हणाल्या, मोहरी लावलीस काय गो? तारीख चुकली होती, दुसरं काही नाही.

गड्डा भरायला १५ ते २० डिग्रीची हवा लागते. आपल्याकडे दुपारी तेवढं गार कधीच होत नाही, पण डिसेंबर शेवट ते जानेवारी रात्री गार पडतात, गड्डा त्या दिवसांतच धरला पाहिजे. मग उलटा हिशोब करायचा. रोपाला महिना, लावल्यावर लवकर येणाऱ्या जातीला साधारण ६०-७० दिवस, म्हणजे बी सप्टेंबर शेवट किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पाकिटावर लवकर येणारी, उष्णता सहन करणारी असं लिहिलेलीच जात घ्या.

तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो म्हणून ट्रे पडवीत, पागोळ्यांपासून लांब पण उजेडात. निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालींचा भुसा; सोडणं आपल्या घरची असली तरी पीट मी विकतच आणते, कुटत कोण बसणार) आणि निम्मं गांडूळखत, प्रत्येक खणात एक-दोन बिया अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. चार-सात दिवसांत उगवतं. उगवलं की पाणी हात राखून, नाहीतर बुडातून कुजून रोपं रात्रीत आडवी होतात. उजेड कमी पडला तर लांबुडकी होतात.

चार-पाच पानं आली की लावायचं, जास्त दिवस ट्रेमध्ये अडकलेलं रोप नंतर बटणाएवढाच गड्डा देतं. आपली जांभ्याची माती आंबट, त्यामुळे लावायच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यात थोडा चुना मिसळून ठेवा, मग लावताना कुजलेलं शेणखत भरपूर. चुना आणि शेणखत एकदम नको, नत्र उडून जातं. दोन रोपांत दीड फूट. माडा-पोफळीखाली दाट सावलीत लावू नका, सकाळचं ऊन मिळून दुपारी थोडी सावली पडेल अशी जागा बेस्ट. भात झोडल्यावर पेंढा असतोच, तो बुडाशी पसरा, माती गार राहते आणि पाणी कमी लागतं. पण ओल कायम हवी, एकदा सुकवून मग बदाबदा ओतलं तर झाड बिथरतं. तीन आठवड्यांनी परत मूठभर गांडूळखत.

आता अळी. बारीक हिरवी असते, पानाखाली बसते, हात लावला की वळवळत धाग्यावर लोंबते. रोज सकाळी पानं उलटून बघायची, अंडी-अळ्या चिरडायच्या, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण. मावा असला तर आधी पाण्याचा जोरात फवारा मारा, बराचसा तसाच जातो.

गड्डा घट्ट आणि कळ्या मिटलेल्या असतानाच कापा, अजून मोठा होईल म्हणून थांबलात तर दोन दिवसांत पिवळा. सकाळी, चार बोटं दांडा ठेवून तिरका काप. झाड उपटू नका हां, बाजूला छोटे गड्डे फुटतात, आणि कोवळी पानं भाजीला चालतात, ओलं खोबरं घालून.