माहितीपटांच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी आधी काय पाहावे?

माहितीपटांच्या क्षेत्रात काम करण्याची इच्छा घेऊन येणाऱ्या तरुणांना मी पहिला प्रश्न विचारते, तो त्यांनी आजवर काय पाहिले आहे हा. उत्तरात बहुधा अलीकडे ऑस्करच्या यादीत आलेली आणि मोबाइलवर सहज सापडणारी नावे येतात. ती पाहण्यात गैर काहीच नाही आणि त्यांतली काही खरोखर उत्तम आहेत. मात्र मोठ्या भांडवलावर घासूनपुसून तयार झालेला चित्रपट स्वतःच्या घडणीच्या खुणा झाकून टाकतो आणि शिकणाऱ्याला नेमक्या त्याच खुणा हव्या असतात. संकलनाच्या कामात अनेक वर्षे काढल्यावर माझी खात्री झाली आहे की कमी पैशांत, लहान चमूने केलेले आणि फारशी प्रसिद्धी न मिळालेले माहितीपट नवख्या माणसाला अधिक शिकवतात, कारण त्यांत दिग्दर्शकाने घेतलेला प्रत्येक निर्णय उघडा दिसतो.

पाहायचे काय, हेही आधीच सांगून टाकते. माहितीपट पाहून झाल्यावर आपण त्याच्या विषयाबद्दल बोलतो: धरण, शेतकरी, झोपडपट्टी, तुरुंग. विषय तर वर्तमानपत्रातही असतो. कॅमेरा धरणारा माणूस आणि कॅमेऱ्यासमोरचा माणूस यांच्यात किती अंतर आहे, ते कोणी ठरवले आणि चित्रपट पुढे सरकताना ते कमी झाले की वाढले, याकडे लक्ष द्यावे. खाली सुचवलेले चित्रपट मी याच कसोटीवर निवडले आहेत.

सुरुवात छोट्या चित्रपटांपासून करावी, म्हणजे एकाच बैठकीत तेच पुन्हा पाहता येते. डच दिग्दर्शक बर्ट हान्स्ट्रा यांचा 'ग्लास' हा १९५८ सालचा चित्रपट जेमतेम अकरा मिनिटांचा आहे. काच फुंकणारे कारागीर आणि बाटल्या बनवणारे यंत्र एवढेच त्यात आहे, निवेदन नाही, आणि जॅझच्या तालावर कारागिरांचे फुगलेले गाल व फिरती नळी यांचे तुकडे जोडलेले आहेत. त्याला लघु माहितीपटाचे ऑस्कर मिळाले होते, तरी आज आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच निघते. तो एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकून पाहावा. संकलनाच्या वर्गात महिनाभर जे सांगावे लागते, त्यातले बरेचसे या तीन वेळांत कळते.

त्यानंतर फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेच्या माहितीपटांकडे वळावे. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या सरकारी पटांच्या वेळी बाहेर शेंगदाणे खात उभ्या राहिलेल्या पिढीला हे नाव ऐकून जांभई येते आणि त्या पिढीचे फार चुकले असेही नाही. धरणे, खते आणि बचत यांवरचे कंटाळवाणे पट १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने भरपूर काढले. परंतु साठच्या दशकाच्या उत्तरार्धात जाँ भावनगरी यांच्यासारख्या सल्लागाराच्या पाठिंब्यामुळे तिथल्या काही दिग्दर्शकांनी सरकारी पैशांत विलक्षण प्रयोग केले. एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) हा त्यांतला माझा सर्वांत आवडता. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा विशीत असलेल्या तरुण-तरुणींना देशाबद्दल आणि स्वतःबद्दल बोलते केले आहे, इतकीच कल्पना. पण अभिमानाने बोलणाऱ्याच्या पाठोपाठ कंटाळलेला, त्याच्यामागे हताश झालेला, अशी जी जुळणी शास्त्रींनी केली आहे, तिच्यामुळे सरकारी उत्सवाच्या निमित्ताने केलेला चित्रपट त्या उत्सवालाच प्रश्न विचारू लागतो. मुलाखत घेणे सोपे असते, कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचे हे ठरवणे अवघड, हे इथे शिकावे. प्रमोद पती यांचे 'एक्स्प्लोरर' आणि 'आबिद' हे काही मिनिटांचे पट जाता जाता पाहून घ्यावेत. ते आवडलेच पाहिजेत असे नाही.

मणी कौल यांचा 'अरायव्हल' (१९८०) मात्र सावकाश पाहावा. मुंबईत दाखल होणारी माणसे, भाज्या, फळे, मेंढ्या यांच्याकडे कॅमेरा सारख्याच नजरेने पाहतो आणि त्या सारखेपणातूनच शहर माणसाला मालासारखे वापरते हा आशय निवेदनाच्या मदतीशिवाय उभा राहतो. खाटीकखान्याची दृश्ये सहन होणार नसतील, तर तो टाळावा. इथले अंतर मोठे आहे, आणि जाणीवपूर्वक मोठे ठेवलेले आहे. जवळ जाणे म्हणजेच सहानुभूती, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांशी माझा या चित्रपटावरून नेहमी वाद होतो.

मराठी भाषकांसाठी एक वेगळा अभ्यास सुचवते, कारण तो इतर भाषकांना आपल्याइतका जमणार नाही. अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) आणि अरुण खोपकरांचा 'नारायण गंगाराम सुर्वे' (२००२) हे दोन्ही लागोपाठच्या वर्षांतले चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत. दोन्हींत कवी नारायण सुर्वे आहेत आणि दोन्हींत गिरणगाव आहे. खोपकरांचा चित्रपट चरित्राच्या अंगाने जातो. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावर सापडलेल्या पोराला दिलेले नाव शीर्षकात पूर्ण लिहिण्यातच त्याची दिशा स्पष्ट आहे. 'साचा'मध्ये सुर्व्यांच्या जोडीला चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत, आणि एकाचे शब्द व दुसऱ्याची चित्रे यांच्या मधल्या जागेत शहर येते: १९८२ च्या संपानंतर उतरणीला लागलेल्या गिरण्या, चाळी, लोकल. कविता पडद्यावर वाचली जात असताना तिच्या ओळींचे शब्दशः चित्र दाखवायचे नाही, हा नियम सगळेच तोंडाने म्हणतात. प्रत्यक्षात त्या जागी काय दाखवायचे, याची उत्तरे या दोन चित्रपटांनी आपापल्या परीने दिली आहेत. सुर्व्यांच्या कविता आपल्या कानात आधीपासून असतात, त्यामुळे कोणत्या ओळीवर चित्र बदलले, कुठे कवीचा आवाज थांबू दिला, हे आपल्याला चटकन जाणवते. दोन्ही पाहून झाल्यावर वहीत दृश्यांचा क्रम लिहून काढावा. ही कंटाळवाणी कामगिरी मी आजही नव्या साहाय्यकांना देते.

माँतेरो-जयशंकर यांचा 'वायसीपी १९९७' हा येरवडा कारागृहातल्या कवी कैद्यांवरचा चित्रपटही याच कारणासाठी पाहण्यासारखा आहे. तिथे अंतर तुरुंगाच्या नियमांनीच ठरलेले असते, आणि कविता ते ओलांडते.

आता ज्या चित्रपटाबद्दल मला सर्वांत अधिक सांगायचे आहे, त्याकडे येते. आनंद पटवर्धन यांचे नाव ठाऊक नसलेला विद्यार्थी भेटत नाही, पण 'राम के नाम' पाहिलेल्यांपैकी फारच थोड्यांनी 'हमारा शहर' (१९८५) पाहिलेला असतो. मुंबईतल्या झोपड्या पाडण्याची मोहीम, ती पाडणारे अधिकारी, झोपड्यांमुळे शहर विद्रूप होते असे म्हणणारे सुखवस्तू नागरिक आणि त्याच नागरिकांच्या इमारती बांधणारे झोपडीवासी असा त्याचा आवाका आहे. त्यात घर पाडले गेलेली एक बाई थेट चित्रीकरण करणाऱ्यांनाच फैलावर घेते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाला हा तुकडा सहज कापता आला असता. संकलनाच्या टेबलावर असे तुकडे रोज कापले जातात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. त्यांनी तो ठेवला. तो ठेवल्यामुळे चित्रपट दुबळा झाला की बळकट, यावर गटात चर्चा करावी, कारण या व्यवसायात आल्यावर हा प्रश्न तुम्हालाही कोणीतरी विचारणारच आहे आणि तेव्हा उत्तर शोधायला सवड नसते.

याच चित्रपटात विलास घोगरे हा लोकशाहीर गातो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जण मारले गेले, आणि त्यानंतर काही दिवसांत घोगरे यांनी आत्महत्या केली. त्या घटनेपासून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचाच 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. तो तीन तासांहून अधिक लांबीचा असल्याने अनेक जण टाळतात. 'हमारा शहर'नंतर पाहिला तर टाळावासा वाटत नाही, कारण आधी ऐकलेला आवाज आता हयात नाही हे ठाऊक असलेला प्रेक्षक त्यातली जलशांची गाणी वेगळ्या कानाने ऐकतो. त्या गाण्यांतली भाषा, त्यातले टोमणे आणि विनोद उपशीर्षकांत निम्मेच पोहोचतात. मराठी प्रेक्षकाने हा फायदा सोडू नये.

दिग्दर्शक स्वतःच त्या अंतराचा भाग असेल तर काय होते, हे निष्ठा जैन यांच्या 'लक्ष्मी अँड मी' (२००७) मध्ये दिसते. मुंबईत त्यांच्याच घरी कामाला येणाऱ्या तरुणीवर त्यांनी चित्रपट केला. पगार देणारी आणि चित्रीकरण करणारी व्यक्ती एकच असल्यावर समोरचीने दिलेल्या संमतीचा अर्थ काय घ्यायचा, हा पेच चित्रपट लपवत नाही. मला तो शेवटपर्यंत थोडा अस्वस्थ करतो, आणि तीच त्याची ताकद आहे असे मी मानते. पारोमिता व्होरा यांचा 'क्यूटूपी' (२००६) याच्या अगदी उलट वृत्तीचा: मुंबईतल्या स्त्रियांना शौचालये का मिळत नाहीत, असा रुक्ष वाटणारा प्रश्न त्या खेळकरपणे विचारत जातात. गंभीर विषयाला गंभीर पार्श्वसंगीत लावलेच पाहिजे, अशी समजूत असेल तर आधी हा पाहावा.

रीना मोहन यांचा 'कमलाबाई' (१९९२) शोधून पाहण्याचे कष्ट जरूर घ्यावेत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासूर'मध्ये काम केलेल्या कमलाबाई गोखले यांच्यावरचा हा चित्रपट त्यांच्या अगदी उतारवयात केलेला आहे. रंगभूमीवर आयुष्य गेलेली ही बाई जुन्या भूमिकांतले उतारे म्हणून दाखवते. वृद्ध कलावंतावर चित्रपट करताना आपण आदराने इतके वाकतो की समोरचा माणूस दिसेनासा होतो; इथे तसे झालेले नाही.

परदेशी चित्रपटांची यादी वाढवत नाही, पण इराणी कवयित्री फरुग फरोखजाद हिने तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत केलेला 'द हाउस इज ब्लॅक' (१९६२) चुकवू नये. तो वीस-बावीस मिनिटांचा असून तिने दिग्दर्शित केलेला तो एकमेव गाजलेला चित्रपट आहे. १९६७ साली, ऐन बत्तिशीत, मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला. या चित्रपटात दोन आवाज आहेत. एक पुरुषाचा, रोगाची माहिती देणारा, कोरडा. दुसरा तिचा स्वतःचा, धर्मग्रंथांतल्या आणि आपल्या कवितेतल्या ओळी म्हणणारा. कुष्ठरोग म्हटले की आपल्याला आनंदवन आठवते, म्हणजे सेवा आणि पुनर्वसन यांची कथा आठवते. फरोखजाद तशी कथा सांगत नाही. ती वेणी घालणारे हात, वर्गातली मुले, औषधाची रांग दाखवते आणि नजर हटवू देत नाही. लांबीचा चित्रपट हवा असेल तर पात्रिसिओ गुझमान यांचा 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट' (२०१०) पाहावा. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तारे शोधणारे खगोलशास्त्रज्ञ आणि हुकूमशाहीत नाहीशा झालेल्या आप्तांची हाडे शोधणाऱ्या स्त्रिया यांना एका चौकटीत आणायचे धाडस त्यात आहे.

कामाच्या बाजूने दोन शब्द. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवर आहे आणि त्याच्या चित्रणाला पाच वर्षे लागली. रिळे जाऊन डिजिटल प्रक्षेपण येण्याचा काळ त्या पाच वर्षांत सापडला, तो एखाद्या आठवड्याच्या दौऱ्यात सापडला नसता. या गतीचे चित्रपट एकट्याच्या बळावर पोट भरू देत नाहीत. बहुतेक जण शिकवतात, जाहिरातींचे किंवा संस्थांसाठीच्या पटांचे काम करतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचा चित्रपट पुढे नेतात. नव्या माणसाला पहिले काम बहुधा रशेस, म्हणजे चित्रीकरणाचे न कापलेले कच्चे तुकडे, पाहून नोंदी करण्याचे आणि मुलाखती शब्दशः उतरवून काढण्याचे मिळते. ग्रामीण बोली, शाहिरीची भाषा, वस्तीतली हिंदी-मराठी सरमिसळ अचूक उतरवून तिचा नेमका अनुवाद करू शकणाऱ्यांची चणचण असते, त्यामुळे मराठीवर पकड असलेल्याला इथून आत येता येते. हे काम हलके समजू नये. कोणत्या वाक्यानंतर माणूस थांबला, कुठे त्याने विषय बदलला, हे ज्याने उतरवले त्यालाच सर्वांत आधी कळते.

मिळण्याच्या जागांबद्दल सांगायचे तर फिल्म्स डिव्हिजन २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले असले, तरी तिचे अनेक जुने पट यूट्यूबवर पाहता येतात. मुंबईचा मिफ्फ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) हा माहितीपट व लघुपटांचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरत आला आहे, आणि केरळात तिरुवनंतपुरमला माहितीपट व लघुपटांचा स्वतंत्र महोत्सव होतो. मिफ्फमधील सेन्सॉर प्रमाणपत्राच्या अटीला विरोध म्हणून २००४ साली चित्रकर्त्यांनी उभ्या केलेल्या 'विकल्प'सारख्या गटांच्या विनामूल्य खेळांतून मी स्वतः बरेच काही पाहिले. तिथे खेळानंतर दिग्दर्शक हजर असतो आणि प्रश्न विचारता येतात. एखादा चित्रपट कुठेच सापडला नाही, तर दिग्दर्शकालाच ईमेल लिहावी. आपण कोण, कशासाठी पाहायचा आहे, एकटे पाहणार की महाविद्यालयात खेळ लावणार, हे दोन-चार वाक्यांत स्पष्ट लिहिले तर बहुतेक जण दुवा पाठवतात. महाविद्यालयाकडे खेळासाठी थोडी तरतूद असेल तर मानधनाचा उल्लेख त्याच पत्रात करावा, आणि दुवा इतरांना परस्पर पुढे धाडू नये.