प्लास्टिक किटमधून कार आणि ट्रक कसे घडवावेत

पहिले किट, म्हणजे सुटे पार्ट जोडून प्रतिकृती करायचा संच, घेताना खोक्यावरचे चित्र मन ओढून घेते, आणि केवळ चित्रावर भाळून घेतलेली किट्स बहुधा अर्धवट अवस्थेत माळ्यावर जाऊन पडतात. आधी पाहायचे ते प्रमाण, म्हणजे प्रतिकृती खऱ्या गाडीच्या कितव्या भागाइतकी आहे ते. कारच्या प्लास्टिक किट्समध्ये १/२४ आणि १/२५ ही दोन प्रमाणे सर्वाधिक चालतात. जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी मुख्यतः १/२४ धरले; अमेरिकेत मात्र एएमटीसारख्या कंपन्या मोटार-विक्रेत्यांच्या दुकानांसाठी १/२५ च्या तयार प्रतिकृती बनवीत असत आणि त्याच कामातून पुढे किट्स निघाली, म्हणून तिकडे १/२५ रुळले. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण साडेचार मीटर लांबीची कार १/२४ मध्ये १८.७५ सेंटिमीटर भरते आणि १/२५ मध्ये १८ सेंटिमीटर, त्यामुळे दोन्ही एका फळीवर शेजारी ठेवल्या की तफावत डोळ्यांत येते. संग्रह करायचा असेल तर एकच प्रमाण धरून राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या ओळखीची मारुती ८०० या हिशेबाने १/२४ मध्ये जेमतेम १४ सेंटिमीटरची होते; सहा मीटरचा, ट्रेलर ओढणारा ट्रक २५ सेंटिमीटरचा, आणि त्यामागचा साडेतेरा मीटरचा युरोपीय ट्रेलर सुमारे ५६ सेंटिमीटरचा. ट्रकचे किट मागवण्याआधी कपाटाची फळी मोजून घ्यावी.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे साच्याचे वय. किटचे पार्ट पॉलिस्टायरिन वितळवून धातूच्या साच्यात दाबून काढतात आणि हे साचे कित्येक दशके टिकतात. कंपन्या विकल्या जातात, खोकी बदलतात, पण आतला माल तोच राहतो. एएमटी १९७८ मध्ये लेस्नीकडे गेली, नंतर अर्टलकडे आणि आज ती राउंड टू या कंपनीकडे आहे. १९७० च्या सुमारास निघालेला त्यांचा पीटरबिल्ट ३५९ हा ट्रक आजही नव्या खोक्यात मिळतो. ते किट वाईट आहे असे नाही, उलट लांब नाकाच्या अमेरिकन ट्रकचे इतके भरघोस किट दुसरे क्वचित सापडेल. मात्र पार्टच्या कडांना प्लास्टिकचे पापुद्रे असणार आणि ते घासण्यात कित्येक संध्याकाळी जाणार, हे माहीत असावे. कोणत्या खोक्यात कोणता साचा आहे हे स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचे नाव टाकून पाहता येते. पैसे देण्यापूर्वी ती पाच मिनिटे खर्च करावीत.

नवशिक्याने पहिले किट तामिया या जपानी कंपनीचे १/२४ मधले घ्यावे, कारण त्यांचे पार्ट एकमेकांत नेमके बसतात. १९७६ मध्ये निघालेल्या १/१२ पॉर्श ९३४ च्या वेळी या कंपनीने खरीखुरी पॉर्श ९११ विकत घेऊन ती खोलून पाहिली होती. त्या शिस्तीचा लाभ घरी बसून किट जोडणाऱ्याला मिळतो. ट्रक तिसरे किंवा चौथे किट म्हणून घ्यावा आणि त्यासाठी इटालेरी या इटालियन कंपनीचे स्कॅनिया किंवा व्होल्व्हो चांगले.

किट घरी आले की लगेच गोंदाची बाटली उघडू नये. सूचनापत्र समोर ठेवून प्रत्येक पार्ट आहे की नाही ते तपासावे, मग सगळे पार्ट कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश त्यांवर राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून ते पिरगाळून तोडू नयेत. आधी कटरने थोडे अंतर सोडून कापावे, मग उरलेला खुंट धारदार पात्याने उतरवावा आणि बारीक कानशीने सपाट करावा. त्यानंतर गोंद न लावता, केवळ कागदी चिकटपट्टीच्या आधाराने, चासी, आतली आसने, डॅशबोर्ड आणि बॉडी एकदा संपूर्ण जुळवून पाहावी. माझ्या दृष्टीने किटचे निम्मे काम याच टप्प्यात होते. चासी बॉडीत शिरताना कुठे अडते, चाके चाकाच्या कमानीच्या मध्यभागी येतात की नाही, गाडी पुढून उचललेली दिसते का, हे सगळे इथे कळते आणि इथेच सुधारता येते. रंग लागल्यावर प्रत्येक दुरुस्ती महाग पडते.

बॉडीवर साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे केसासारखी रेघ उमटलेली असते, बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून आणि छताच्या खांबावरून जाणारी. नखाने ती हाताला लागते. ती ६०० नंबरच्या आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासून घालवावी. त्याच वेळी दारांच्या आणि बॉनेटच्या फटी पात्याच्या मागच्या, बोथट बाजूने दोन-तीनदा ओढून थोड्या खोल कराव्यात. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक लेप) असे तीन थर चढले की उथळ फट बुजून जाते आणि दार बॉडीवर नुसते रेखाटल्यासारखे दिसू लागते.

रंगाचा विषय सविस्तर सांगायला हवा, कारण कारच्या प्रतिकृतीत आधी नजरेत भरते ती बॉडीची कातडी. तारेचे हँगर वाकवून बॉडी आतून त्यावर बसवावी, म्हणजे बोटांचा स्पर्श होत नाही. प्रायमर लावून सुकला की उजेडात तिरके धरून पाहावे; राहिलेले ओरखडे तेव्हाच दिसतात. किटचे प्लास्टिक लाल असेल आणि वर पांढरा रंग द्यायचा असेल, तर साध्या प्रायमरमधूनही लाल झाक वर येते, म्हणून आधी चंदेरी रंगाचा एक थर द्यावा. स्प्रे १५ ते २० सेंटिमीटरवरून, बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. पहिले दोन थर धुक्यासारखे विरळ द्यावेत, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने. तिसरा थर ओला, चकाकेल इतका. लॅकर, ॲक्रिलिक आणि इनॅमल हे रंगांचे तीन प्रकार; लॅकरवर ॲक्रिलिक किंवा इनॅमल चालते, पण इनॅमलवर लॅकर मारल्यास खालचा रंग सुरकुततो. खिडकी उघडी ठेवावी आणि गाळणी असलेला मास्क वापरावा. लॅकरच्या वाफा अंगाला बऱ्या नव्हेत.

कोकण आणि मुंबईच्या हवेबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगतो. एका जुलैमध्ये उतावीळपणे मी गडद निळ्या बॉडीवर लॅकर मारले आणि दहा मिनिटांत बॉनेटवर दुधाच्या सायीसारखा पांढुरका पडदा चढला. लॅकरमधले द्रावण झपाट्याने उडते, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते, हे त्याचे कारण. तेव्हापासून चकचकीत रंगाची कामे मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकतो आणि पावसाळ्यात आसने, इंजिन, चासी असे मॅट रंगाचे पार्ट करतो. घाईच असेल तर एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिचकारीच्या) रंगात उशिरा सुकणारे थिनर, म्हणजे रिटार्डर, मिसळावे. रंग मारून झाल्यावर बॉडीवर पोळ्यांचा मोठा डबा पालथा घालावा, म्हणजे धूळ बसत नाही. सुकला की नाही हे बोटाने पाहू नये, नाकाने पाहावे: जवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर रंग अजून कच्चा आहे. वास पूर्ण गेल्यावरच २००० नंबरच्या पेपरने आणि पॉलिशने झळाळी आणावी, कडांना मात्र पेपर लावू नये, तिथे रंग पहिल्यांदा उडतो.

जोडणीत दोन चुका सर्रास होतात. पातळ प्लास्टिक गोंद दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतो, म्हणून जोडाच्या जागेवरचा रंग किंवा क्रोमचा मुलामा खरवडून काढल्याशिवाय पार्ट धरत नाही आणि महिन्याभरात बंपर हातात येतो. दुसरी चूक काचांची: इन्स्टंट गोंदाच्या वाफेने पारदर्शक पार्टवर पांढरट धूर बसतो, तेव्हा काचांना पांढरा फेव्हिकॉल लावावा, तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या कापडाने पुसता येतो.

ट्रकमध्ये सगळा भार चासीवर असतो, अगदी खऱ्या ट्रकप्रमाणेच. दोन लांब पट्ट्या आणि त्यांमधले आडवे दांडे काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून जोडावेत, सुताराचा छोटा गुण्या लावून काटकोन तपासावा आणि गोंद रात्रभर सुकू द्यावा. धुरे बसवल्यावर चाके तात्पुरती घालून ट्रक काचेवर उभा करावा आणि प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. जिथून पट्टी सहज निघते ते चाक अधांतरी आहे. त्या धुऱ्याचा पाटा आत्ताच सैल करून पुन्हा बसवावा. सहा किंवा दहा चाकांच्या ट्रकमध्ये हा दोष केबिन बसल्यावर कधीच सुधारत नाही. चासीला चकचकीत काळा देऊ नये. राखाडीकडे झुकणारा मॅट काळा दिल्यास पाटे, टाक्या आणि पाइप वेगवेगळे दिसतात.

न बांधलेली किट्स जपणे हेही कामच आहे. जुन्या किट्समधले मऊ व्हिनाइलचे टायर प्लास्टिकला टेकून राहिले तर त्यांतले द्रव्य झिरपते आणि रिम किंवा काच वितळून खड्डा पडतो. म्हणून खोके घरी आले की टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत. डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या छापील चिन्हांचा, कागद बंद पिशवीत, सपाट, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, नाहीतर एकाच पावसाळ्यात तो पिवळा पडतो किंवा चिकटतो. पिवळेपणा आलाच तर डेकल पिशवीसकट खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन दाखवावे. पुष्कळदा तो उतरतो. तपासणीची तारीख आणि कमी असलेल्या पार्टचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आत लावावी, आणि किट कोणाला विकायचे झाले तर आधी ती चिठ्ठी दाखवावी.